तलावावर डोंग्याले मनाई

मोहबोडी, ता. सिंदेवाही
८ डिसेंबर २०२३

चि. भाग्यश्रीस,
आईबाबाचे पोटभर आशीर्वाद.

तू फोनवर बोलते तं माझ्या कानात नुसती भणभण होते, अन् तुझी आई त्यातलं अर्धंच सांगते. मनून लिहून राह्यलो. धान कापून झाला. शिंगाडे यंदा चांगले धरले. नागपूरच्या हॉस्टेलात भाजीले मीठ नसते मनून तू तक्रार केली, तं आई मनते, मीठ पोस्टानं पाठवता येते का विचारा.

आता खरी गोष्ट. सोमवारी तलावावर बोर्ड लागला. मालगुजाराच्या काळचा आपला मामा तलाव आता ‘संरक्षित पाणथळ’ झाला. त्याचं मले वाईट नाई वाटलं, पाखरं आपणच राखली. पण खाली लिहिलं आहे, डोंगे चालवाले मनाई. आपल्या मच्छीमार सोसायटीचे एकोणीस लाकडी डोंगे काठावर साखळीनं बांधले. मासे काठावरूनच धरा मनतात. शिंगाडे तलावाच्या मधात, आपल्या शेतातली धानाची बांधी पलीकडं. सडकेनं जावं तं अकरा किलोमीटर. अन् दक्षिणेच्या पारीवर, तलावाच्या बांधावर, नौका क्लब निघाला. तू स्पर्धेत चालवते तशा प्लास्टिकच्या रंगीत कयाक तिथी फिरून राह्यल्या, त्याईले मनाई नाई. काऊन, मनून मी विचारलं, तं तहसीलचे साहेब मनले, आदेशात सारं आहे.

क्लबच्या गेटवर तुझा मोठा फोटो आहे, वल्हं धरलेला. आई त्याच्यापुढं किती वेळ उभी होती. तू शिकलेली आहेस, कायदा काय मनते ते कळव.

तुझा बाबा
मनसाराम

नागपूर
१५ डिसेंबर २०२३

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मीठ पाठवू नका, इथे आता भाजीच नसते. गंमत केली, आईला सांगू नका.

पाणथळीचे नियम मी वाचून काढले. मला समजलं त्याप्रमाणे जुनी वहिवाट एका फटक्यात बंद करता येत नाही, आणि डोंग्याला तर इंजिनही नाही. ज्या पाण्यात कयाक चालते, त्याच पाण्यात डोंग्यानं पक्ष्यांना त्रास कसा होतो, एवढंच त्यांना विचारायचं. सोसायटीचा ठराव करा, तलावाच्या ठेक्याचे जुने कागद जोडा आणि आदेशाची प्रत मागा. कारण लिहिल्याशिवाय आदेश निघत नाही. कारण हातात आलं की खोडून काढू.

बाबा, कायदा आपल्या बाजूनं आहे. फोटोचं मला कोणी विचारलं नव्हतं. पण आई खूश झाली असेल तर असू द्या.

लोभ आटू देऊ नका.
आपली भागी

मोहबोडी
१० जानेवारी २०२४

चि. भाग्यश्रीस, आशीर्वाद.

आदेशाची प्रत आली. सोसायटीच्या सभेत लटारूभाऊ मोठ्यानं वाचून दाखवत होते. चौथ्या परिच्छेदापाशी थांबले अन् कागद माझ्या हाती देल्ला. तिथी असं आहे: “राष्ट्रीय खेळाडू व स्थानिक रहिवासी कु. भाग्यश्री मनसाराम यांच्या लेखी निवेदनानुसार डोंगा सहज उलटतो व त्या स्वतः त्यावरून अनेकदा पाण्यात पडल्या आहेत. सबब डोंगा हे जलवाहन असुरक्षित ठरते.”

सभेत लोकाईनं शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. इंदुताईनं फक्त विचारलं, मागच्या साली भागीसाठी माझ्या वेलीचे शिंगाडे पाठवले होते, ते तिनं खाल्ले का.

हे तू लिहिलं का? एवढंच कळव.

बाबा

नागपूर
१६ जानेवारी २०२४

ती. बाबांस, नमस्कार.

हो. मी लिहिलं.

जुलैमध्ये क्लबचा माणूस आमच्या प्रशिक्षण केंद्रात फॉर्म घेऊन आला होता. गावाकडच्या खेळाडूंची माहितीपुस्तिका काढतो म्हणाला. तोल सांभाळायला कुठे शिकलात, असा प्रश्न होता. मी लिहिलं, बाबांच्या डोंग्यात शिकले. डोंगा सहज उलटतो, मी वीसदा पडले, वीसदा बाबांनी मला परत डोंग्यात चढायला लावलं. ज्याला डोंगा सांभाळता आला त्याला जगातली कुठलीही नाव सांभाळता येते. त्यातलं उलटण्या-पडण्याचं तेवढं ठेवून क्लबनं साहेबांना दिलं, बाकीचं कापलं. खाली माझी सही आहेच.

काल प्रतिज्ञापत्र केलं. पूर्ण उत्तर लिहून दिलं आणि माझ्या नावाचा असा वापर करू नका असं कळवलं. इंदुताईला सांगा, शिंगाडे खाल्ले होते. उकडून, सगळ्या मुलींना वाटून.

तुम्ही रागावला असाल तर रागावूनच लिहा, पण लिहा.

भागी

मोहबोडी
२५ फेब्रुवारी २०२४

चि. भाग्यश्रीस, आशीर्वाद.

मंगळवारी आपल्या अर्जावर सुनावणी झाली. साहेब गोड बोलले, बसाले खुर्ची देल्ली. तलाव साऱ्या लोकाईले खुला आहे मनले. तिकीट काढा, जॅकेट घाला, नोंदणी केलेली नाव आणा, कोणी अडवत नाई. मग माझा डोंगा नोंदवून घ्या, मी मनलो. त्याईनं फॉर्म काढला. बनवणाऱ्याचं नाव अन् प्रमाणपत्र विचारलं. मी सांगितलं, माझ्या बापानं मोहाच्या खोडातून कोरला, बाप मरून चौदा साल झाले. त्याईनं लिहिलं, उत्पादक मयत. अन् फॉर्म बाजूले ठेवला.

तुझं प्रतिज्ञापत्र फायलीले लागलं आहे. खेळाडूनं नंतर मत बदललं मनून आदेश बदलत नाई, असं त्याईनं सांगितलं.

इंदुताईचं तुले कोणी सांगितलं नसन. शिंगाडे मधात सडून राह्यले, ते तिच्यानं पाहवलं नाई. गळ्याएवढ्या पाण्यात चालत गेली अन् वेलीत पाय अडकला. लटारूभाऊनं पोहत जाऊन ओढून काढली. जगली, पण छातीत पाणी गेलं, अजून खाटेवरच आहे. आता नवा बोर्ड लागला, पाण्यात उतरणे धोक्याचे. त्याईले तेवढं पुरलं.

तुह्यावर राग नाई. होता. तू इथी येऊ नको.

बाबा

नागपूर
२ एप्रिल २०२४

ती. बाबांस, साष्टांग नमस्कार.

तुम्ही येऊ नको म्हणालात तरी होळीला आले, आणि भरदुपारी साऱ्या गावासमोर साखळी तोडून डोंगा पाण्यात घातला. कयाकमधल्या लोकांनी फोटो काढले. त्यांना वाटलं, कार्यक्रम आहे. इंदुताईच्या वेलींपर्यंत जाऊन मी परत आले. सडलेल्या शिंगाड्यांची एक टोपली निघाली. तिनं ती खाटेशेजारी ठेवून घेतली, हे तुम्ही पाहिलंच.

गुन्हा माझ्या एकटीवर नोंदवला आहे. जबाबात मी एकटी होते असंच लिहून दिलं. तुम्ही त्यात येऊ नका, नाहीतर उद्या सोसायटीचा ठेकाच काढून घेतील.

आणखी एक, आईला आत्ताच सांगू नका. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीसाठी माझी निवड झाली होती ना, तिथून काल पत्र आलं. गुन्हा दाखल असल्यामुळे नाव यादीतून काढलं आहे. वाईट वाटून घेऊ नका. त्या दिवशी पाण्यात असताना मला बरं वाटलं होतं.

आशीर्वाद असू द्या.
भागी

मोहबोडी
९ एप्रिल २०२४

चि. भाग्यश्रीस,
आईबाबाचे आशीर्वाद.

आईले सांगितलं. घरात लपवून मी जेवू शकत नाई. ती रडली नाई, क्लबच्या गेटवर तुझ्या फोटोपुढं जाऊन उभी राह्यली.

तू शाबासकीची वाट पाहत असशीन तं मी ती देत नाई. डोंगे तसेच बांधून आहेत, आता कुलपं मोठी आहेत. लटारूभाऊ तेलंगणात मिरची तोडाले गेले. क्लबच्या नावा रविवारी तीस असतात. सारा जनम मी तुले या काठावरून दूर ढकललं, अन् तू सरकारी नोकरी घालवून इथीच परत आली. हे मले सहन होत नाई, तं गोड काऊन लिहू?

पण तुझ्या जबाबातलं एक खोटं आहे. साडेतीन महिने चिखलात रुतलेला मोहाचा डोंगा एकटीच्यानं हलत नाई. साहेबाले हे माहीत नसन, कोर्टालेही नसन, पण या गावातल्या लेकराले माहीत आहे. तू समोरून ओढत होती अन् मागं माझा खांदा होता. ठेक्याचं भेव दाखवशीन, तं काठावरचा ठेका ठेवून करू काय?

बावीस तारखेले कोर्टात तुझी पेशी आहे, पहिल्या बसनं मी येतो. तुह्याआधी उभा राहून सांगतो, डोंगा मी ढकलला, माझं नाव लिहा.

माया आहे तशीच आहे.

तुझा बाबा
मनसाराम