तुझी तहान मले लागो

२ एप्रिल, अकोला

आले बाप्पा एकदाची! चांदूर रेल्वेहून सकाळची पॅसेंजर धरली. मांडीवर पितळी डबा, डब्यात भाकरी आणि ठेचा, शेजारी तिवश्याची एक बाई. तिनं बडनेरा येईपर्यंत आपल्या सगळ्या सुनांची अशी उजळणी केली की हसून हसून माझं पोट दुखलं. सदुसष्टाव्या वर्षी कामाला लागलेली बाई आमच्या गावात मीच पहिली. किशोर, माझा मुलगा, स्टेशनावर सोडायला आला तो तोंड फुगवूनच. म्हणे, लोकं काय म्हणतील. मी म्हटलं, लोकं म्हणतील गोदाबाई अकोल्याले गेली, दुसरं काय म्हणतील?

काम असं आहे. इथल्या एका दवाखान्यात किडनीच्या रोग्यांवर नव्या औषधाची चाचणी सुरू होते आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला सगळी माहिती कोणीतरी वाचून समजावायची, आणि त्यानं राजीखुशीनं अंगठा दिला की साक्षीदार म्हणून सही करायची. साक्षीदार दवाखान्याचा नोकर नको आणि रोग्याचा नातलगही नको. आमच्याच गावचा योगेश तिथलं काम पाहतो. पारावर बायांना मी पेपर वाचून दाखवते हे त्यानं पाहिलेलं. माझी शाळा चौथीपर्यंतच. पुढचं सगळं भाजी विकताना मेथी-पालकाच्या जुड्या गुंडाळायच्या रद्दीतून शिकले. कित्येक गोष्टींचे शेवट गिऱ्हाईक घेऊन गेलं.

खोली दवाखान्याच्या मागेच आहे. खिडकीत कडुनिंब, कोपऱ्यात नवा माठ. पाणी मातीच्या वासाचं, गोड. दोन पेले प्यायले आणि आडवी झाले.

५ एप्रिल

मोठ्या डॉक्टरीण मंजुषा मॅडम. बोलणं गोड, चालणं घाईचं. त्यांनी मला न कंटाळता समजावलं. किडनी बंद पडली की लघवी होत नाही. प्यालेलं पाणी अंगातच साचतं. आधी पायात, मग छातीत, आणि माणूस कोरड्या खाटेवर बुडून मरतो. आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं आणि एरवी पाणी घोटाघोटानं. तहान मात्र वणव्यासारखी, त्यात अकोल्याचा उन्हाळा. हे नवं औषध तहानच मारतं म्हणतात. अर्ध्यांना खरं मिळणार, अर्ध्यांना त्याच रंगाचं साखरपाणी. कोणाला काय, हे मॅडमलाही ठाऊक नाही.

पहिला अंगठा पुंजारामभाऊंचा. दर्यापूरकडचे, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातले, जिथं विहिरीचं पाणीही खारट, माझ्याच वयाचे. तीन पानं मी आपल्या बोलीत फोडून सांगितली. ते म्हणाले, "बाई, हे औषध मराच्या आंधी देता का मंग?" मी म्हटलं, आधीच देतात, मेल्यावर सही कोण करन? दोघंही हसलो. नमस्कार करून गेले. पाण्याऐवजी बर्फाचा खडा गालात धरला होता.

८ एप्रिल

आज करिश्मा आली. चोवीसची पोर, पाय सुजून खांबासारखे. सोबत तीन वर्षांची लेक आचल. नवऱ्यानं लाजत सांगितलं की परवा हिनं कूलरच्या टाकीतलं पाणी प्यायलं. शेवाळलेलं, ओंजळी भरभरून. छाती भरली, दम लागला, मरता मरता वाचली. ती खाली मान घालून म्हणाली, "मावशी, माह्या पोरीच्या हातचा बर्फाचा गोळा मी हिसकून खाल्ला वो. तिचा."

अंगठा झाल्यावर मी तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. आमच्याकडे लेकीबाळींची अलाबला अशीच घेतात. तोंडातून आलं, तुझी तहान मले लागो माय.

मॅडम पाहत होत्या. हसल्या. म्हणाल्या, किती छान.

१६ एप्रिल

करिश्मा यंत्रावर आली ती हसतच. तहान नाही! लग्नघरी गेली, सगळे पन्हं पीत होते, हिला आठवणही झाली नाही. वजन वाढलं नाही, सूज उतरली. आचलला मांडीवर घेऊन तिनं मला डोळा मारला. म्हणाली, मावशी, तुमची बोटं पावली. मी म्हटलं, औषध पावलं, बोटं काय पावतात!

तिचं पाहून आता प्रत्येक बाई अंगठा दिला की गाल पुढे करते. मीही घेते. आज शकुनची घेतली. ही अचलपूरला भाजी विकायची, आता उभं राहवत नाही. भाजीवाली म्हणजे आपल्याच जातकुळीची; वांग्याच्या भावावर आमचं जमलं.

ऊन फार आहे. माठ संध्याकाळपर्यंत रिकामा झाला.

२३ एप्रिल

तहान फार लागते म्हटल्यावर मॅडमनी माझी साखर तपासली. चांगली निघाली. म्हणाल्या, मावशी, उन्हाळा आहे, ताक पीत जा.

ताक प्याले. उसाचा रस प्याले. रात्रीचा भरलेला माठ सकाळी दहाला तळ दाखवतो. पाणी जिभेवर असतं तेवढाच वेळ ओल. गिळलं की जसं तापल्या तव्यावर टाकलं. ओठ फुटले. शेजारची बाई विचारते, मावशी, तुमच्याकडे पाहुणे आले का?

पुंजारामभाऊ मात्र तसेच आहेत. औषध चालू, बर्फ चालू. मी विचारलं, तर म्हणाले, "माह्या वाट्याले साखरपाणी आलं वाटते. अर्धा संसारच तसा गेला माहा."

२८ एप्रिल

बसून सगळ्यांना आठवून पाहिलं. ज्यांची तहान गेली त्या सगळ्या बाया आणि दोन लहान पोरं. पुरुष एक नाही. पुरुषांना मी नमस्कार करते. त्यांच्या गालावरून कोण हात फिरवतं?

औषध काही करत नाही. कोणालाच नाही.

मॅडमकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खरंच ऐकलं. मग म्हणाल्या की बाईच्या अंगाला हे औषध जास्त लागू पडतं असं दिसतंय, आणि हा फार मोठा शोध आहे. कंपनीचे लोक येऊन गेले. पुढच्या महिन्यात नागपूरला मॅडमचं भाषण आहे. मी म्हटलं, मग माझी तहान? त्या म्हणाल्या, मावशी, तुम्ही तर औषध घेतलंच नाही.

खरंच आहे. औषध घेणाऱ्याला डोकं दुखलं तरी लिहून ठेवतात. साक्षीदाराला काय होतं, यासाठी कुठे जागा नाही.

१ मे

ठरवलं, आता कोणाची अलाबला घ्यायची नाही. सकाळी एका म्हातारीनं गाल पुढे केला. मी नुसते हात जोडले. तिचा लेक रागावला, म्हणाला, आमच्याच बुढीले काहून नाही? दुपारी ती म्हातारी टाकीच्या नळाला तोंड लावून बसली. ओढून काढलं तेव्हा दम लागून डोळे पांढरे झाले होते.

मी स्वतःच तिच्या खाटेजवळ गेले. बोटं मोडली. काय करणार?

योगेश म्हणतो, मावशी, लोकं औषधासाठी नाही, तुमच्यासाठी येऊन राहिले. तो हे कौतुकानं म्हणतो.

५ मे

शकुन गेली. यंत्रावरच, बोलता बोलता. हृदय थांबलं.

पोरानं तिच्या तोंडात पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं. पाणी आत गेलं नाही. ओठांवरून ओघळून गळ्यावर, तिथून उशीवर. त्यानं पुन्हा घातलं. पुन्हा तसंच. बाया म्हणाल्या, दातखीळ बसली. तोंड तर उघडं होतं.

ती गेल्यावर माझ्यातली तिची तहान जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही. उलट आता ती वेगळी कळते. करिश्माची तहान पोरीसारखी आहे, उतावीळ. शकुनची ही जुनी, हट्टी. हलत नाही.

९ मे

भर दुपार. ओळीनं यंत्रं, ओळीनं खुर्च्या. शकुनच्या खुर्चीवर शकुन.

लुगडं तेच. तोंड उघडं, आत जीभ चामड्यासारखी. मी ओरडले नाही. नर्स त्याच खुर्चीला टेकून फोनवर बोलत होती.

शकुन माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. आपण कोणाकडे वस्तू ठेवायला देतो आणि मग मागायला येऊन दारात उभं राहतो, तसं.

१२ मे

कळलं मला. शकुनचा पोरगा रोज पिंपळाला पाणी घालतो तिच्या नावानं. तहान असल्याशिवाय ती पिणार कशी? प्यायल्याशिवाय जाणार कशी? तिची तहान तर माझ्याजवळ.

घे म्हटलं. हात जोडून म्हटलं, घे माय, तुझी तू घे. ती नुसती बसून राहिली. मेलेल्याला देता येत नाही की काय—

पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा राहतो. एवढं पाणी पोटात जातं आणि लघवीला थेंब नाही.

१४ मे

किशोर आला. अमरावतीच्या दवाखान्यात चल म्हणाला. गेले तर हे सगळं बरोबर येईल. मी म्हटलं, पेरणीनंतर येते. त्याच्या हातातली पाण्याची बाटली मी हिसकून घेतली. तो पाहतच राहिला. मला करिश्माचं पोरीच्या गोळ्याचं आठवलं आणि रडायला आलं, पण डोळ्यांत पाणी आलं नाही.

आता दोन खुर्च्यांवर दोघी. टाकीच्या नळाची म्हातारीही गेली काल.

१६ मे

मॅडमचं भाषण गाजलं. पेढे वाटले. मला गिळवला नाही. पुढच्या खेपेला चार जिल्ह्यांतून रोगी घेणार. साक्षीदार मीच हवी म्हणतात.

पुंजारामभाऊ भेटायला आले. माझे ओठ पाहिले. गालातला बर्फ काढून हातावर ठेवला. मी खाल्ला. लाज कसली—

१८ मे

जिवंत माणसाला परत देता येतं.

माझ्या ध्यानात आलंय. लिहायचंही नाही असं ठरवलं होतं. करिश्माच्या गालावर उलटे हात फिरवायचे, बस. नाही. ती पोर. तिची आचल. नाही. मी मरेन पण नाही.

१९ मे

आणखी दोघी गेल्या. चौघी आहेत. आता खोलीत. माठाभोवती. पाण्याकडे बघत नाहीत. माझ्याकडे.

२० मे

करिश्मा येते म्हणाली भेटायला. निरोप पाठवला, येऊ नको. योगेशला दोनदा सांगितलं. येऊ देऊ नको तिला—

२१ मे

आली. आचलला शेजारणीकडे ठेवून. नवी साडी, गालावर मांस चढलेलं. माझं तोंड पाहून रडली. म्हणाली, मावशी, तुमाले काय झालं वो, मले काय करता येईन ते सांगा. पायावर डोकं ठेवलं तिनं. माझा हात उठला. तिला वाटलं आशीर्वाद. तिनं गाल पुढे केला.

मी म्हटलं, तुझी तू घे.

तिचीच द्यायची होती. फक्त तिची. सगळीच गेली. सगळ्यांची.

जिभेला ओल आली. दीड महिन्यानं. तोंडात लाळ सुटली, गोड, आणि डोळे वाहायला लागले. चौघी माझ्याकडे पाहत नाहीत आता. न्हाणीच्या दारात उभ्या आहेत. आत नळ सुटलाय. मघापासून. बादलीचा आवाज नाही, नुसता घोटांचा. पुरे गं करिश्मा, पुरे, हाका मारते आहे. पाय सुजलेत, म्हणून उठवत नाही. नाही. भिंत धरली तर उठता येतं, सकाळी उठले होते. घोट ऐकू येतात तसं इकडे माझा घसा थंड होत जातो, असं वाटतं अजून थोडा वेळ, अजून थोडाच, मग मी जाईन आणि तिला—