रिकामं तोंड

१० फेब्रुवारी
वाशिमले गेलो. दातांच्या डॉ. बाई म्हणे, तोंड उघडा, तीन बोटं उभी घाला. माही दोनच गेली. "खर्रा आजपासून बंद. नाहीतर पुढे घाससुद्धा आत जायचा नाही."
संगीता, माही बायको, बाजूले बसली होती. तिनं गुपचूप आपली बोटं घालून पाह्यली. तिन्ही गेली. मंग पदर तोंडाले लावला.
बारा वर्षं ती सुपारी-तंबाखू घोटून खाऊन राह्यलो. दिवसाले सहा, वेळा ठरलेल्या. यापुढं इथं फक्त ख. लिहीन. पुरा शब्द लिहिला की लाळ सुटते.

११ फेब्रु.
रिठद, दुकान. पाण्याच्या पंपाच्या दोन जळालेल्या मोटारी, तारेचं वाइंडिंग नवीन भरायचं. दहाले तलब. हात आपोआप प्लास्टिकच्या पन्नीत ख. घोटल्यासारखे चालून राह्यले.
गिऱ्हाईक आलं. "भाऊ, मोटार कधी भेटते?"
तोंडात ख. असला की नुसती मान हलवली तरी भागे. भरल्या तोंडाच्या माणसाले कोणी बोल म्हणत नाई. आज तोंड रिकामं. मी तार कोणती, वेढे किती, वार्निश कसं वाळते, सगळं सांगतलं. तो मागं मागं सरकला. कधी भेटते, तेवढंच सांगायचं राह्यलं.
तवा समजलं मी ख. काहून खातो.

१५ फेब्रु.
संगीताले हे सांगतलं. भाकर थापता थापता थांबली. म्हणे, "लग्न झाल्यापासून चार वर्षं मले वाटे, तुमाले माह्याशी बोलायचंच नाई."
नाई. तसं नाई. तसं कधीच नव्हतं.
तोंडातून निघेना. इथं लिहिलं अन् वही तिच्यापुढं ठेवली. पिठाच्या हातानं वाचलं तिनं. पानावर डाग हाये.
गेल्या वर्षी अकोल्याच्या डॉ.नं मले स्वमग्न म्हटलं. जन्मापासून असते म्हणे. मायले पटत नाई. "माह्या पोराले काई नाई झालं, तो स्वभावानं गरीब हाये."

१९ फेब्रु.
वाशिमले व्यसन सोडणाऱ्यायची बैठक. गोल बसायचं, एकेकानं आपलं सांगायचं, मंग टाळ्या. वर ट्यूबलाइट किरकिर करून राह्यली. माह्या आधी चार जण उरले तवा उठलो. एसटी स्टँडवर ख. घेतला. खाल्ला.
घरी येऊन सांगून टाकलं. वाटलं आता रडते. तिनं इचारलं, "तिथं काय खुपलं तुमाले?"
"टाळ्या."
"मंग नका जाऊ तिथं. दुसरं पाहू."

२२ फेब्रु.
तिनं जुन्या कापडाची मुठीएवढी पिशवी शिवली, आत ज्वारी. घोटायले. शिवण बोचत होती, तर उसवली अन् उलटून पुन्हा शिवली. वेळा सहाच, तशाच. फक्त वस्तू बदलली. पिशवी अन् भाजलेली बडीशोप. आजची बडीशोप मायनं भाजली. करपवली. खाल्ली मी.

२ मार्च
संगीताच्या भावाचं लगन आलं, मानोरा गावाजवळ. डीजे, सारे नातेवाईक, "काय म्हणता जावई?"
इचारलं, "मी नाई आलो तर चालते?"
"चालते."
"तुले चालते?"
मंग म्हणे, "नाई."
ती मले असं सरळ सांगते. म्हणून मले तिचं समजते.

९ मार्च
गेलो. कानात कापूस. पंगतीआधी संगीताच्या काकानं ख.ची पन्नी पुढं केली. रिसोडचा, मोठ्या आवाजाचा माणूस. "घ्या जावई!" सगळे पाहून राह्यले.
मी म्हटलं, "नको. माह्या तोंडात दोनच बोटं जातात. तुमच्या किती जातात?"
काकानं हसत घालून पाह्यली. दोन बी अडली. हसू चेहऱ्यावर तसंच राह्यलं.
सासरे म्हणे, लग्नात असं बोलत नसतात. चुकलं असंन. मले तिथंच कळत नाई कधी.
मंग डीजे वाढला. संगीतानं हात धरून मांडवामागं गोठ्यात नेलं. म्हशीपाशी बसलो दोघं, ती नव्या साडीत. मंगलाष्टकं सुरू झाली. म्हटलं, "तू जाय. भावाचं लगन हाये."
"येऊन राह्यलं ना ऐकू," म्हणे.

१३ मार्च
लग्नाहून आल्यापासून तीन दिवस दुकान बंद. शब्द निघत नाई. काल ख. खाल्ला, एक. रिकामी पुडी लपवली नाई, ताटाजवळ ठेवली. संगीतानं पाह्यली, उचलून टाकली अन् वरण वाढलं.
आज नाई खाल्ला. आजचं एवढंच.

१८ मार्च
काकाचा फोन. डॉ. बाईकडं जाऊन आला. आवाज बारीक. "जावई, मले एकट्यानं सुटत नाई. सकाळी तुमच्या दुकानात येऊन बसू का?"
दुकानात कोणी बसलं की माही वेढ्यायची मोजणी चुकते.
तरी म्हटलं, "या. पण बोलायचं नाई."
"नाई बोलत."
संगीता म्हणे, "जमते का तुमाले?"
माहीत नाई. घरातली एक खुर्ची दुकानात नेऊन ठेवली. दाराजवळ, रस्त्याकडं तोंड करून.