दौलतरावांचा फोटो माझ्या छातीवर

पिंपरी,
सोमवार, ता. १२ ऑगस्ट १९५७

ती. सोपानदाजींच्या पायावर सयाजीचं डोकं. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त मला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. तुमची पाठ आता कशी आहे? ताईची आणि म्हशीची खुशाली कळवा (क्रम तुम्ही ठरवा).

दाजी, उद्धवराव वकिलांची ओळख मला तुम्हीच करून दिलीत. निवडणुकीत त्यांच्यासाठी मी शिफ्ट सुटली की सायकलवर बसून, तोंडाला कर्णा लावून काळेवाडीपर्यंत ओरडत जायचो. घसा असा बसला, की आमचा फोरमन मला मुका समजून खुणा करायला लागला. (अजून करतो.)

आणि दौलतराव आमच्या घरात कोण, हेही तुम्ही जाणता. ते लोकल बोर्डाचे अध्यक्ष असताना आबा अर्ज घेऊन गेले, तर त्यांनी आबांना सकाळपासून दुपार कलेपर्यंत अंगणात उन्हात उभं ठेवलं. मी सात वर्षांचा होतो. आबा घरी येऊन ओसरीवर बसले, पाणीसुद्धा मागितलं नाही. त्यानंतर ते नाव घरात कुणी काढलं नाही. दौलतराव वारले त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली (देव क्षमा करो).

गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी गावातल्या मुलींच्या शाळेत उद्धवरावांचा सत्कार होता. आबांना पुढच्या रांगेत बसवून मी व्यासपीठावर हार घेऊन उभा. उद्धवरावांनी भिंतीवरचा पडदा ओढला, तर आत दौलतरावांचा फोटो. पडद्याबरोबर खिळाही आला आणि फोटो खाली येताना मीच तो झेलला. हेडमास्तर म्हणाले, भाषण होईपर्यंत असाच धरा. मग चाळीस मिनिटं मी आमच्या वैऱ्याला छातीशी धरून उभा, आणि शेजारी माझा पुढारी त्याचे गोडवे गातोय. लोक येऊन फोटोला हार घालत होते, त्यातले दोन माझ्याच गळ्यात पडले. आबा एकटक माझ्याकडे बघत होते.

सभा संपल्यावर मी उद्धवरावांना गाठलं आणि म्हणालो, साहेब, तुम्ही आम्हाला तोंडघशी पाडलंत. ते चिडले नाहीत. म्हणाले, "सयाजी, माणूस मग्रूर होता. मलाही त्यानं दारात ताटकळत ठेवलंय. पण सगळा गाव विरोधात असताना मुलींची शाळा त्यानंच काढली. दोन्ही खरंच आहे."

मला ते पटलं नाही. घरी आलो, आबांशी बोलायचा धीर होईना. चार दिवस आम्ही एकमेकांना चुकवत होतो. पाचव्या दिवशी गोठ्यात शेण भरताना आबाच म्हणाले, "त्या दिशी अर्ज कसला व्हता, ठावं हाय का तुला?"

मी म्हणालो, रस्त्याचा असेल.

"न्हाई. शाळंचा. तुझ्या यशोदाताईसाठी. दुपारच्याला बाहेर आला, कागद वाचला, सही केली आन् आत गेला. काम झालं. निस्तं बस म्हनला न्हाई."

मी विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही? आबा पाटी उचलून उकिरड्याकडे गेले. परत आल्यावर म्हणाले, "सांगितलं असतं, तर मला राग धरता आला नसता."

दाजी, मी वीस वर्षं दुसऱ्याचा राग वाहिला, आणि तोही अर्धाच.

ताईला हे वाचून दाखवू नका, तिचं तिला वाचू द्या.

तुमचा,
सयाजी

ता. क. उद्धवराव येत्या रविवारी तुमच्याकडे आळंदीला जेवायला येणार आहेत ना? सभेच्या दुसऱ्या दिवशी रागाच्या भरात मी त्यांच्या नावाचं एक जाड पाकीट तुमच्या पत्त्यावर टाकलंय. ते त्यांच्या हाती न देता चुलीत घाला, ही कळकळीची विनंती. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. पाकीट फोडू नका. फोडलंतच, तर शेवटची दोन पानं सोडून द्या. असला माणूस माझ्या गळ्यात कुणी बांधला, याबद्दल ती आहेत.