बत्तीस वाक्यांचा मुक्काम

तीर्थस्वरूप आक्कास, धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आमचं ठीक, म्हणजे काल डॉक्टर येऊन गेला, पण त्याचं कारण पुढे येईलच.

चिरंजीवांनी आम्हाला महिनाभरासाठी हौसेने बोलावलं आणि स्टेशनवरून थेट हॉटेलात नेऊन सोडलं. (त्याचं घर चार गल्ल्या पलीकडे. सूनबाईंचं ऑफिस घरातच, आम्ही खोकलो तरी मीटिंगमध्ये ऐकू जातं म्हणे.) जाताना हातात एक कागद ठेवला. हॉटेलात लागणारी इंग्रजी वाक्यं (इथे मराठी, हिंदी चालत नाही), एकूण बत्तीस, उच्चार देवनागरीत. जन्मभर छापखान्यात पुस्तकं बांधली, त्यामुळे इंग्रजीशी माझा संबंध पुठ्ठ्यापुरताच. तरी इरेला पेटलो नि दोन दिवसांत सगळी पाठ केली.

आता आपल्या घरचं पाठांतर तुला ठाऊकच आहे. अण्णांनी छडीखाली पाढे घोटून घेतले, त्यामुळे सात आठे कोणी विचारलं तर मला आजही सात एकेपासून निघावं लागतं. काल नळाला गरम पाणी येईना. ते वाक्य एकोणिसावं. खाली काउंटरवर गेलो आणि पहिल्यापासून निघालो. आमची खोली राखून ठेवली आहे, आणखी दोन उशा हव्यात, कपड्यांना इस्त्री हवी, लिफ्ट अडकली आहे, पत्नीला बरं नाही, डॉक्टर बोलवा. काउंटरवरची मुलगी गुणाची, सगळं लिहून घेत होती. डॉक्टर म्हणताच तिने फोन उचलला, नि माझी गाडी तिथेच अडली. तासाभरात उशा आल्या, इस्त्रीवाला आला, लिफ्टवाला चांगली चालणारी लिफ्ट खोलून बसला आणि डॉक्टरने हिचं ब्लडप्रेशर तपासलं (ते खरंच वाढलेलं निघालं). गरम पाणी तेवढं आलं नाही.

हॉटेलवाल्यांनी कळवलं म्हणून चिरंजीव धावत आले. दारातच उभे राहिले, बसले नाहीत.

"बाबा, एवढंसुद्धा जमत नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, "आम्हाला घरी कधी नेणार, हे यातलं कितवं वाक्य रे?"

घड्याळ बघत तो म्हणाला, रविवारी बघू. आक्का, फार वाईट वाटलं. तो गेल्यावर ही बॅग भरायला लागली.

तुझा धाकटा

ता. क. कोणी विचारलं तर मुलाचं घर ऐसपैस आहे आणि सून लाघवी आहे, असंच सांग.

ता. क. पुन्हा. गुरुवारी निघतो. शेजाऱ्यांना महिनाभर जातो असं सांगून आलोय, तेव्हा इतक्यात तोंड दाखवायची सोय नाही. तोवर तुझ्याकडे राहू का? कोणत्या तोंडाने विचारतोय, ते मला कळतं. तू डोळ्याच्या ऑपरेशनला आलीस तेव्हा आम्ही तुला स्टँडमागच्या लॉजवर ठेवलं होतं. तुझा डबा रोज हाच चिरंजीव पोचवायचा. तेव्हा त्याने विचारलं होतं, आत्या आपल्याकडे का नाही राहत? मीच त्याला गप्प केलं होतं.