मार्कंड्याची मासोळी विलायतेच्या बाटलीत

सौ. धुरपता बाईस,

धाकट्या इस्तारीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. इथी सारे खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी फॅक्टरीतून रिटायर झाले, म्हणजे आता तुझ्या भाजीतलं मीठ तपासत असतील.

बाई, मी जे पाह्यलं ते सांगाले तोंड अपुरं पडते. आपल्या रोशनीनं (कॉलेजात गेल्यापासून पोरगी बापालेच शिकवते) कॉम्प्युटरवर विलायतेतल्या एका म्युझियमची बाटली दाखवली. आत मासोळी, शंभराहून जास्त वर्षांची! एकेक खवला मोजून घ्यावा. बोट फिरवलं की कुशीवर वळते. खाली लिहिलेलं, 'वैनगंगा, मार्कंडा घाट.' मासोळी नेणाऱ्या साहेबाचं नाव आडनावासकट, अन् जाळं टाकणारा कोण, तर 'एक स्थानिक मच्छीमार'. म्हणजे आपलाच कोणीतरी आजा-पणजा! मी उठून हात जोडले. (रोशनी म्हणे, "बाबा, मंदिर नाई ते, इंटरनेट आहे.")

मी मच्छीमार सोसायटीचा सचिव. म्हटलं, हा फोटो आपल्या पाटीवर पाह्यजे. पेंटरलेही सांगून आलो. तर पोरगी आडवी आली, "फोटोचे हक्क त्याईचे आहेत, परवानगी लागते." माझं डोकं फिरलं. नदी आपली, जाळं आपलं, मासोळी आपली, अन् फोटो काऊन त्याईचा? हेच तिले म्युझियमले लिहाले लावलं. (शिव्या तिनं गाळल्या.)

आठ दिवसांनी उत्तर आलं. मी भांडाले कंबर कसून बसलो, तर तिथली बाई लिहिते, तुमचं म्हणणं बरोबर आहे, फोटो खुशाल लावा. पण या मासोळीले तुमच्याकडे काय म्हणतात ते आमच्या कागदात नाई. ते नाव तुमचं आहे. दिलं तर तुमच्या गावाच्या नावानं लिहू, नाई तर जागा रिकामी ठेवू.

सोसायटीच्या बैठकीत हे वाचलं अन् कॉम्प्युटरवर मासोळी दाखवली. ऐंशी वर्षांचे पत्रूभाऊ स्क्रीनले नाक लावून बसले. म्हणे, "लहानपणी पाह्यली होती रे हिले. मंग दिसलीच नाई." डोळे पुसत राह्यले. ठराव झाला, नाव द्यायचं, पण ते मार्कंड्याच्या लोकांचं, असं लिहून घ्यायचं. सही माझी.

तुझा भाऊ,
इस्तारी

ता. क. नाव कोणालेच माहीत नाई. पत्रूभाऊले फक्त चव आठवते. तू मायसंग मासोळ्या विकाले गावोगाव फिरलीस, तुले ठाऊक असेल. लवकर कळव.

दुसरा ता. क. फोन करू नको, रोशनी ऐकेल. भर बैठकीत छाती ठोकून "नाव मले माहीत आहे" म्हणणारा मीच होतो.