इंजिनाचा निरोप आणि बाहेरच्या खोलीचे पडदे

तीर्थरूप भाऊजींस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात नुसती मान लववली आहे, उरलेला नमस्कार झालाच असं समजावं.) इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? ताई फोनवर म्हणाली की जिना चढताना तुम्ही अजून इंजिनासारखा आवाज काढता. तो आवाज गुडघ्यातून येतो की तोंडातून, हे तिने सांगितलं नाही. तोंडातून येत असेल तर काळजीचं कारण नाही.

पत्र लिहायचं निमित्त म्हणजे आपली म्हातारी निवृत्त झाली. (ताईने दचकू नये, मी इंजिनाबद्दल बोलतोय.) ज्या विजेच्या इंजिनावर तुम्ही मला हाताला धरून शिकवलंत आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर ज्याने मी सकाळी नोकरदारांना शहरात सोडलं नि संध्याकाळी घरी आणलं, तेच. त्या जातीची सगळीच इंजिनं आता काढून टाकताहेत. नवी इंजिनं शेडमध्ये आलीसुद्धा. तोंडं इतकी गुळगुळीत की पुढची बाजू कोणती हे दिवा लागल्याशिवाय कळत नाही. आत आपल्या भल्यामोठ्या हँडलऐवजी बोटभर दांडी, आणि समोर जिकडे बघाल तिकडे स्क्रीन.

मग आम्हा जुन्या चालकांना शिकायला वर्गात बसवलं. शिकवायला एक मुलगी, वयाने आपल्या चिरंजीवांएवढी. पहिल्याच दिवशी मी हात वर केला आणि विचारलं की गाडी अडली तर आम्ही केबिनमागच्या रिलेच्या, म्हणजे विजेच्या खटक्यांच्या, कपाटाला टाचेने एक लाथ घालतो, तुमच्या इंजिनात ती कुठे घालायची? सगळा वर्ग हसला. ती मात्र शांतपणे म्हणाली, "काका, यात लाथेची सोय ठेवलेली नाही. आधी स्क्रीन वाचायची." मग वर्ग पुन्हा हसला, आणि या वेळी जरा जास्तच.

त्या दिवसापासून घरी मी तिचं नाव 'स्क्रीनबाई' ठेवलं. रोज जेवायला बसलो की स्क्रीनबाईने आज काय काय अक्कल शिकवली ते मी तिखटमीठ लावून सांगायचो. चिरंजीव (जे एरवी आज वार कोणता यावरही माझ्याशी वाद घालतात) ताटात मान खुपसून मुकाट जेवायचे. मला वाटलं, पोराला अखेर बापाचं म्हणणं पटायला लागलं. आमची ही एकदा म्हणाली, "मुलगी हुशार असणार हो." मी म्हटलं, तुला काय माहीत? तर तिने न मागता मला आणखी भात वाढला.

असो. म्हातारीच्या शेवटच्या फेरीचा मान मला मिळाला. पहिल्या डब्यात घरच्यांना बसायची परवानगी, दुसऱ्यात साहेबलोक आणि बँड. शेडवाल्यांनी तिला धुऊनपुसून लख्ख केलं आणि पुढे फुलांची एक माळ घातली. भाऊजी, एकच माळ! मला ते फार उघडंबोडकं दिसलं. सकाळी घरातून निघताना (ही आंघोळीला गेली होती) मी बाहेरच्या खोलीतले सोनेरी काठाचे लाल पडदे उतरवून पिशवीत घातले होते. ते इंजिनाच्या दोन्ही बाजूंना झालरीसारखे सोडले. वर विजेच्या तारेजवळ काही न्यायचं नाही इतपत अक्कल शाबूत होती, म्हणून खाली बांधले. आता खाली बांधायचे म्हणजे कुठे? तर जाळीवर. ज्या जाळीतून ब्लोअर हवा ओढतो आणि मोटरी थंड राहतात, जी जाळी साफ ठेवली नाही म्हणून मी आजवर निम्म्या शेडला फैलावर घेतलं, तीच जाळी मला त्या दिवशी झालर टांगायला सोयीची वाटली.

निघालो झोकात. प्रत्येक फलाटावर माणसं हात हलवत होती. मीही भोंगा वाजवत, राजासारखा. नदीचा पूल ओलांडून चढ लागला आणि जळका वास आला. मग मीटरचा काटा पडला, मग म्हातारी एकदम गप्प झाली. मी कपाटाला टाचेने लाथ घातली. मग दुसरी, अगदी मनापासून. काही नाही. अंगठा मात्र सुजला. मागे बँड वाजतच होता, कारण गाडी थांबली म्हणून बँडने थांबायचं असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मी खाली उतरलो आणि खरं सांगतो, डब्याकडे पाठ करूनच उभा राहिलो. तिने मला कधी रस्त्यात टाकलं नाही, असं मी सबंध डब्याला निघण्यापूर्वीच ऐकवलं होतं.

पुढच्या स्टेशनावर नवं इंजिन चाचणीसाठी उभं होतं, तेच मदतीला पाठवलं. त्यातून उतरली कोण? स्क्रीनबाई. वीज तोडल्याची खात्री करून ती इंजिनाच्या कडेने चालत गेली, जाळी उघडली, कोपरापर्यंत हात घातला आणि ओढू लागली. लाल कापड येतंय, येतंय, संपतच नाही. खिडक्यांतून लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने ते काळवंडलेलं कापड झटकून डोळ्यांसमोर धरलं आणि पटकन बोलून गेली, "अगंबाई, हे तर तुमच्या बाहेरच्या खोलीतले पडदे!"

भाऊजी, नेमका तेव्हाच बँड थांबला.

"तू माझ्या घरी कधी आलीस?" मी विचारलं. तिने डब्यातल्या चिरंजीवांकडे बघितलं. चिरंजीवांनी नदीकडे बघितलं.

"चहाला येते ती," खिडकीतून ही म्हणाली. "तुमची संध्याकाळची पाळी असली की. आणि ते राहू द्या बाजूला. माझे पडदे इथे कसे आले?"

दोन्ही पक्ष रंगेहाथ सापडल्यामुळे कोणालाच आवाज चढवता आला नाही. संसारात असे प्रसंग क्वचित येतात.

म्हातारी काही तिथून स्वतःच्या बळावर निघणार नव्हती. नवं इंजिन पुढे जोडलं. मी परत माझ्या केबिनकडे वळलो, तर ती पोर म्हणाली, "काका, शेवटची फेरी तुमची आहे. पुढे तुम्हीच बसा, मी शेजारी उभी राहते." मी विचारलं, दांडी किती हलवू? म्हणाली, "जुनीला धक्का बसणार नाही एवढीच. ते तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं."

मी हलवली. एवढी मोठी गाडी, पण कपातला चहा हिंदकळू नये अशी निघाली. बाजूच्या स्क्रीनवर मागचं दिसतं. त्यात म्हातारी येत होती, वळणावर अंग तिरकं करत, माळ सांभाळत. इतकी वर्षं मी तिच्या पोटात बसलो, पण चालताना ती कशी दिसते ते त्या दिवशी पाहिलं. फार ऐटबाज दिसते हो. माझी नजर पुन्हापुन्हा त्या स्क्रीनकडेच जात होती. पोरीने न सांगता पुढचे सिग्नल स्वतः बघून मला सांगितले, आणि तिथेच ती मला पसंत पडली.

पुढे सपाटी लागल्यावर मी विचारलं, आमचे चिरंजीव कसे वाटतात? म्हणाली, "सुरू व्हायला वेळ घेतात. पण चढावर दम सोडत नाहीत." मी म्हटलं, आमच्या घरचा माल आहे, असाच असायचा. स्टेशन येईपर्यंत सगळं ठरलं. उतरल्यावर चिरंजीवांनाही कळवलं.

ताईला नमस्कार. गुडघ्याला शेक घ्यावा.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. लग्नाला तुम्ही दोघांनी यायचंच.

ता. क. दुसरा. खरं काम पुढेच आहे. म्हातारी भंगारात जाणार नाही! तुमच्या गावच्या स्टेशनाबाहेर, बागेत उभी करणार आहेत. तिला निळा रंग द्यायचं घाटत आहे असं ऐकतो. तुम्ही तिथे रोज फिरायला जाता, तर जरा आवाज चढवून तो बेत हाणून पाडावा. आणि अधूनमधून काच पुसावी. मला तिच्याशिवाय करमत नाही, घास गोड लागत नाही.

ता. क. तिसरा (हे सौ. लिहिते आहे). भावोजी, घास गोड लागत नाही ते खोटं. परवा म्हातारीला गावाकडे रवाना करताना सगळी शेड जमली होती. हे कुठेच दिसेनात. होणाऱ्या सुनेने शोधून काढलं. शेडमध्ये उभ्या असलेल्या नव्या इंजिनाच्या गार केबिनमध्ये, पाय वर घेऊन, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. रंग कुठलाही द्या.