आईने सोडलं नाही

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा या पत्राचं काय व्हायचं ते दिसतंच आहे. मी सांगतेय, सून लिहितेय. लेकाकडे आहे, हॉलंडात, द हेगला. तू म्हणाली असतीस, एवढ्या लांब जाऊन भाकऱ्याच थापतेस ना? हो, त्याच थापते. ज्वारीच्या त्या वासानेच खालच्या मजल्यावरची पोरगी पहिल्यांदा वर आली. सुदानची आहे. त्यांच्यातही ज्वारीची भाकर असते, आंबवलेली, पातळ, आपल्या आंबोळीची चुलतबहीण. तिला माझी भाकरी जाड वाटते, मला तिची ओली. नात मध्ये बसून तिचं बोलणं तोडक्या मराठीत मला सांगते, आणि आम्ही एकमेकींना नावं ठेवत जेवतो.

ही सुदानची पोरगी कॉलेजात होती तेव्हा त्यांच्याकडे एकच माणूस तीस वर्षं खुर्चीवर. ट्युनिसियात, इजिप्तात अशाच पोरापोरींनी आपापले म्हातारे हलवलेले हिने लहानपणी टीव्हीवर पाहिलं होतं. मग ही पोरंही फौजेच्या कचेरीपुढे जाऊन बसली, आठवडेच्या आठवडे. हिचं काम काय, तर आत येणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासायच्या, कुणी हत्यार आणू नये म्हणून. आधी माफी मागायची, मग पिशवी उघडायची. एका म्हातारीने झापलं, "कांदे आहेत गं भवाने, तुमच्यासाठीच!" अश्रुधुराने डोळे झोंबले की हुंगायला. खुर्ची हलली. पण पुढे फौजेनेच त्या पोरांना मारून हटवलं, आणि आता बंदूकवाले आपसांत लढतायत. हिची आई शेजारच्या देशात छावणीत आहे. मी विचारलं, "मग मिळवलंत काय गं?" रागावली नाही. म्हणाली, "आजी, त्याला उठवणं आमच्या हातात होतं. पुढे कुणाला बसवायचं, ते हातात राहू दिलं नाही."

उद्या शनिवारी सुदानची माणसं इथल्या मैदानात जमणार आहेत, लढाई थांबवा म्हणायला. आमच्या सोळा वर्षांच्या नातीला तिच्याबरोबर जायचंय. लेक म्हणाला, "अजिबात नाही. आपण परक्या देशात, फोटो निघतात, उद्या पासपोर्टला अडेल." पोरगी डचमध्ये काहीबाही ओरडली, शब्द कळले नाहीत, सूर कळला. मग माझ्याकडे वळली. "आजी, तू सांग ना बाबाला! तुझ्या कारखान्यात पण मुली बसल्या होत्या ना? तू गेलीस?" माझ्या तोंडून साठ वर्षांचं पाठ झालेलं वाक्य आलं, "आईने सोडलं नाही." लेकाने ते वरच्या वर झेललं. "बघ, तुझ्या पणजीलासुद्धा कळत होतं!" पोरगी दार आपटून खोलीत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.

आई, खरं काय ते आपल्या दोघींनाच माहीत. विडी कारखान्यातला चेकर चांगल्या विड्या छाट म्हणून, म्हणजे खराब ठरवून, बाजूला काढायचा आणि गुपचूप विकायचा, म्हणून पोरी फाटकापुढे बसल्या. मैत्रीण मला बोलवायला आली. तू फडक्यात भाकरी-चटणी बांधून माझ्या हातात दिलीस, म्हणालीस, "जा. घराचं मी बघते." आणि मी पोट दुखतंय म्हणून पांघरुणात शिरले. लाठ्यांना भ्यायले होते. तिसऱ्या दिवशी मैत्रीण मोडलेला हात गळ्यात बांधून आली. "का नाही आलीस?" मी म्हटलं, "आईने सोडलं नाही." तू चुलीपाशीच होतीस. मान वर केली नाहीस. गल्लीने तुला मालकाची मांजर म्हटलं, ते तू मरेपर्यंत ऐकून घेतलंस. मला एका शब्दाने टोचलं नाहीस. टोचायचंस गं. मी कबूल तरी केलं असतं.

सुनेचं पेन थांबलंय. "आई, हे मी यांना वाचून दाखवू?" विचारतेय. नको म्हटलं, पाकीटही आणू नकोस; त्याला मी तोंडाने सांगेन. तुझ्या आजीने सोडलं होतं म्हणून सांगेन, आणि पोरीला पाठव, हवं तर मीही बरोबर जाते, असंही. काल दोनदा त्याच्यासमोर जाऊन बसले आणि दोन्ही वेळा थंडीबद्दल बोलून उठले. माझ्याच पोराच्या नजरेतून उतरायची भीती वाटते, आई. सुनेला सांगितलं ती रंगीत तालीम समज. खाली सायकल लावल्याचा आवाज आला. तोच असणार. सुनेला म्हटलं, पेन ठेव आता.